रस्त्याची कड मधमाशांसाठी कशी राखावी : बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या नवख्यांसाठी

आमच्या गावाच्या फाट्यापासून शाळेपर्यंतचा रस्ता साधारण ७०० मीटरचा. बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात असे रस्ते गावोगाव आहेत. एका अंगाला भाताची खाचरं, दुसऱ्या अंगाला रताळ्याचा मळा, मध्ये डांबर आणि डांबराच्या दोन्ही बाजूंना दोन-तीन मीटरची कड. गेली चार वर्षं आम्ही सात-आठ जण ही कड मधमाशा, भुंगे आणि फुलपाखरांसाठी राखतो आहोत. त्यातली पहिली दोन वर्षं हातून गेली. आम्ही रोपं आणली, खड्डे काढले, फोटो काढले, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्यातली बहुतेक रोपं वाळून गेली. त्याच काळात आपोआप उगवलेला टाकळा, तेरडा, एकदांडी मात्र दर गणपतीच्या आधी कुणीतरी खरवडून टाकत होतं, आणि आमचं तिकडे लक्षच नव्हतं.

म्हणून पहिल्याच दिवशी आम्हाला कुणीतरी सांगायला हवं होतं ते आधी सांगते. कड राखायची म्हणजे लागवड थोडी आणि कापणी सांभाळणं जास्त. विळा कधी चालवायचा, कुठे चालवायचा आणि कुठे अजिबात नाही, एवढं गावात ठरलं की बाकीचं पाऊस करतो.

ही खटपट कशासाठी, असं गावात विचारतीलच. उत्तर शेतातलंच द्या. काकडी, दोडका, कारली, भोपळा यांची नर आणि मादी फुलं वेगळी असतात. माशीने पराग नेला नाही तर फळ धरत नाही, धरलं तर वाकडं होतं. कारळ्याचं तर स्वतःच्या परागावर दाणे भरणं अवघडच. खानापूरकडच्या काजूच्या मोहरावरही किडेच काम करतात. आणि लहान रानमाशा घरट्यापासून काहीशे मीटरच्या पलीकडे सहसा जात नाहीत. त्यांना दूरच्या जंगलातल्या फुलांचा उपयोग नाही, बांधालगतचीच फुलं लागतात.

१. एक पावसाळा नुसतं पाहा

घाई करू नका. आषाढ ते कार्तिक, दर पंधरा दिवसांनी आपल्या रस्त्यावरून सावकाश चालत जा. वही आणि मोबाईलचा कॅमेरा पुरे. कोणतं झाड कधी फुललं, त्यावर कोण बसलं, आणि कड कुणी कधी कापली, या तीनच गोष्टी लिहा.

कोण बसतं ते ओळखायला फार शिकावं लागत नाही. झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत राहणारी सातेरी, उंच फांदीला किंवा पुलाखाली एकच मोठं पोळं लटकवणारी आग्या, झुडपात तळहाताएवढं पोळं करणारी छोटी फुलोरी, आणि मुंगीएवढी काळी, डंख नसलेली माशी. या झाल्या पोळ्यातल्या. पण बहुतेक रानमाशा एकेकट्या राहतात, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणी चक्क जमिनीत. शिवाय काळा-निळा मोठा भुंगा, हवेत एका जागी तरंगणारी पट्टेरी माशी, फुलपाखरं, पतंग, भुंगेरे हे सगळे आलेच.

टाकळ्याजवळ जरा जास्त वेळ थांबा. श्रावणाच्या शेवटाला त्याला पिवळी फुलं येतात. सकाळी उकिडवं बसून कान द्या. भुंगा येतो, फुलाच्या मधल्या केसरांना पायांनी घट्ट धरतो, पंख मिटल्यासारखे होतात आणि एकदम ‘घुर्रर्र’ असा बारीक, उंच आवाज येतो. उडतानाच्या आवाजापेक्षा हा वेगळा. टाकळ्याचा पराग केसराच्या नळीत बंद असतो आणि टोकाला फक्त बारीक भोक असतं. भुंगा छातीचे स्नायू थरथरवून मीठदाणीतून मीठ पाडावं तसा तो पराग पाडून घेतो. नीट पाहिलंत तर पिवळी पूड त्याच्या पोटावर उडताना दिसते. मधमाश्यांना ही युक्ती येत नाही. भुंग्याला येते, आणि निळ्या पट्ट्यांच्या एका रानमाशीला येते.

हे मी इतकं लांबवून सांगते याला कारण आहे. वांगी आणि टोमॅटोच्या फुलांचा परागही असाच नळीत असतो. टाकळ्यावर पोट भरणारा भुंगाच बांधापलीकडच्या वांग्याच्या मळ्यात जातो. आमच्या शेजारच्या शेतकऱ्याला मी एका सकाळी हा आवाज ऐकवला. त्यानंतर त्याने आपल्या बाजूचा टाकळा कापला नाही.

दुसरी पाहायची गोष्ट म्हणजे भोकं. रस्ता खोदून काढला असेल तिथे मुरमाची उघडी, उन्हात तापणारी उतरण असते. तिच्यावर पेन्सिलीएवढी गोल भोकं आणि भोकाशी मातीचा बारीक चुरा दिसला तर ती एकेकट्या माश्यांची घरटी समजा. आई माशी आत पराग आणि मधाचा गोळा ठेवते, त्यावर एक अंडं घालते, तोंड बुजवते आणि दुसरं भोक खणायला लागते. अशी उतरण सापडली की तिच्याभोवती काठ्या रोवून खूण करा. तिथे गवत लावू नका, माती टाकू नका, ती उघडीच राहू दे. आम्ही पहिल्या वर्षी ‘धूप होते’ म्हणून अशाच एका उतरणीवर दूर्वा लावल्या होत्या. चुकीचं काम होतं ते.

२. रस्ता कुणाचा, ते शोधा

कडेची जमीन गावाची वाटते, पण ती रस्त्याच्या मालक खात्याची असते. सगळ्यात सोपी खूण किलोमीटरच्या दगडाची. दगडाचं डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्य महामार्ग, नारिंगी असेल तर ग्रामीण रस्ता. काळं किंवा निळं असेल तर बहुधा जिल्ह्याचा मोठा रस्ता. दगडच नसेल, आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी नसतो, तर ग्राम पंचायतीत पीडीओंना, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांना, विचारा. गावचे रस्ते पंचायतीकडे किंवा जिल्हा पंचायतीच्या इंजिनिअरिंग विभागाकडे असतात, मोठे रस्ते पीडब्ल्यूडीकडे.

तोंडी उत्तर मिळेना तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. शुल्क १० रुपये. कर्नाटकात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे ‘अमुक गाव ते तमुक फाटा हा रस्ता कोणत्या खात्याकडे आहे आणि त्याच्या जमिनीची रुंदी किती’ एवढंच विचारा.

नवख्यांनी राष्ट्रीय महामार्ग ४८ किंवा खानापूरवरून गोव्याकडे जाणाऱ्या ७४८ ला हात घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे गाड्यांचा वेग जीवघेणा, माणसांना आणि माश्यांनाही. गावचा फाटा, शाळेचा रस्ता, दोन गावांना जोडणारी वाट, शेताकडे जाणारी पाणंद, यांतलं काहीतरी निवडा. सुरुवातीला ३०० मीटरही खूप होतात.

३. कागद तयार करा

नुसतं गवत राखायला कागद कशाला, असं आम्हालाही वाटलं होतं. दुसऱ्या वर्षी नवरात्राच्या तोंडावर एका ठेकेदाराच्या जेसीबीने एका सकाळी आमची अख्खी कड खरवडली. टाकळा, तेरडा, मुरमाच्या उतरणीतली भोकं, सगळं ढिगात. परवानगीचं पत्र आमच्या घरी कपाटात होतं आणि जेसीबीच्या चालकाला त्याचा पत्ताच नव्हता. म्हणून आता सांगते, कागद हवाच, आणि तो काम करणाऱ्याच्या हातात पोचायला हवा.

लागतं ते असं :

- ग्रामसभेचा किंवा वॉर्डसभेचा ठराव, त्यात रस्त्याचं नाव आणि दोन्ही टोकं स्पष्ट लिहिलेली
- रस्त्याच्या मालक खात्याला अर्ज, आणि त्यावर शिक्का मारून घेतलेली पोच
- हाताने काढलेला नकाशा : वळणं, मोऱ्या, वीजखांब, शेतात शिरायच्या वाटा आणि घरट्यांची उतरण दाखवलेला
- लगतच्या शेतकऱ्यांच्या सह्या
- कडेचे आत्ताचे फोटो, तारखेसह
- कापणीचं वेळापत्रक, एका पानात

अर्ज कन्नडमध्ये लिहा आणि सोबत मराठी प्रत जोडा. कन्नड अर्जाची फाईल टेबलावरून लवकर हलते. गावातला कन्नड शाळेत शिकलेला एखादा मुलगा अर्ध्या तासात लिहून देतो. अर्जात ‘फुलझाडं’, ‘सुशोभीकरण’ असे शब्द टाळा, नाहीतर शोभेच्या झुडपांची लागवड आणि लोखंडी जाळ्यांचे प्रस्ताव पुढे येतात. ‘ठरलेल्या वेळीच गवत कापणे आणि तणनाशक न मारणे’ असं साधं लिहा.

आणखी एक दार ठोठावण्यासारखं आहे. जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे प्रत्येक ग्राम पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. बऱ्याच गावांत ती कागदावर आहे आणि आपण त्या समितीत आहोत हे सदस्यांनाच माहीत नसतं. पीडीओंकडून नावं मागून घ्या आणि त्यांना भेटा. समितीच्या ठरावाने अर्जाला वजन येतं, आणि गावच्या जैवविविधता नोंदवहीत या रस्त्याची नोंद करून घेता येते.

परवानगी मिळाली की तिच्या प्रती काढा. एक रस्त्याचं वार्षिक काम ज्या ठेकेदाराकडे असेल त्याला, एक वीज लाईन सांभाळणाऱ्या हेस्कॉमच्या लाईनमनला, एक पंचायतीच्या पाणीवाल्याला. दोन्ही टोकांना फलक लावा. वर कन्नड, खाली मराठी, आणि मजकूर एवढाच : ‘इथलं गवत दिवाळीनंतर कापलं जाईल. कृपया खरवडू नका.’

४. वैरण कापणाऱ्या बायकांशी बोला

सगळ्या पायऱ्यांत ही पायरी मोठी, आणि बहुतेक जण हीच वगळतात.

आपल्याकडे कडेचं गवत हे कुणाच्या तरी म्हशीचं पोट आहे. सकाळी विळा आणि दोरी घेऊन निघालेल्या, डोक्यावर भारा घेऊन परतणाऱ्या बायका कड आपल्यापेक्षा चांगली ओळखतात. त्यांना ‘कापू नका’ म्हणायचा अधिकार आपल्याला नाही, आणि म्हटलं तरी कुणी का ऐकावं? मी सुरुवातीला फलक रोवून मोकळी झाले होते. तेव्हा एक अक्का माझ्यासमोर भारा उतरवून म्हणाल्या, “टाकळा कोण कापतंय गं? म्हशी तोंड तरी लावत्यात काय त्याला? आमाला गवात पायजे. तू फुलं ठेव की तुझी.”

त्या एका वाक्यात आमचा निम्मा आराखडा होता. जनावरं टाकळा खात नाहीत, रुई खात नाहीत, रानतुळस खात नाहीत. नेमक्या याच झाडांवर भुंगे, मधमाशा आणि फुलपाखरं दिसतात. टाकळ्याच्या पानांवर पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात, रुईच्या पानांवर केशरी-काळ्या फुलपाखराच्या. विळ्याने गवत निवडून कापलं तर फुलझाडांना उलट ऊन आणि जागा मिळते. घात करतो तो जेसीबीचा पंजा आणि जमिनीलगत फिरवलेलं ग्रासकटर, कारण त्यांना निवड करता येत नाही.

तेव्हापासून आमचं ठरलं ते असं : गवत विळ्याने कधीही कापावं, फुलावर आलेलं झाड सोडावं, आणि घरट्यांच्या उतरणीवर पाय देऊ नये. बदल्यात आम्ही ग्रामसभेत मागणी केली की कडेला तणनाशक मारू नये. वैरण कापणाऱ्यांना ते हवंच होतं. औषध मारलेलं गवत कोण आपल्या म्हशीला घालेल?

टाकळ्याची कोवळी पानं पहिल्या पावसात भाजीला खुडतात. खुशाल खुडू द्या, झाड पुन्हा फुटतं.

याच फेरीत गावदेवाचं काम पाहणारे देवस्की पंच, तरुण मंडळ आणि शाळेचे गुरुजी यांनाही भेटा. यात्रेच्या आधी किंवा गणपतीच्या आधी ‘रस्ता साफ करूया’ म्हणून उत्साहाने कड खरवडली जाते. मंडळाची पोरं मनापासून करतात, त्यांना फक्त तारीख आणि पट्टा सांगायचा असतो.

५. कडेचे तीन पट्टे करा

चुन्याने किंवा दोरीने एकदा आखून दाखवा, म्हणजे वाद होत नाहीत.

डांबरालगतचा साधारण एक मीटरचा पट्टा कायम आखूड ठेवा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा कापा. इथे फुलं वाढू दिली तर माश्या गाड्यांवर आपटून मरतात, आणि शाळेला जाणाऱ्या मुलांना सरकायला जागा राहत नाही. वळणाच्या आतल्या बाजूला हा पट्टा रुंद करा, समोरची गाडी दिसायलाच हवी. फाट्यावर, मोरीजवळ आणि शेतात शिरायच्या वाटेवर हाच नियम.

मधला पट्टा हा फुलांचा. जूनपासून इथे गवत निवडून काढण्यापलीकडे काही करू नका. टाकळ्याच्या शेंगा वाळून तपकिरी झाल्या, तेरड्याच्या बोंडांनी बिया उडवल्या की मगच कापा. आमच्याकडे ही वेळ दिवाळीनंतर दोन-तीन आठवड्यांनी येते. उत्तरेला चिकोडी, अथणीकडे पाऊस कमी आणि झाडं आधी वाळतात, तिथे थोडं आधी चालेल. कापताना विळा किंवा कटर वीतभर उंच धरा. सगळी लांबी एका दिवशी कापू नका. अर्धी आज, उरलेली तीन-चार आठवड्यांनी, म्हणजे किड्यांना सरकायला जागा राहते. कापलेला पाला तिथेच पडू देऊ नका. तो कुजून जमीन माजते, आणि माजलेल्या जमिनीत दांडगं गवत फुलझाडांना दाबतं. पाला उचलून खतखड्ड्यात टाका.

तिसरा पट्टा कुंपणालगतचा. इथे निर्गुडी, करवंद, धायटी, बोर अशी झुडपं असतील तर ती तशीच राहू द्या. दोन वर्षांतून एकदा, तेही एका बाजूचं या वर्षी आणि दुसऱ्या बाजूचं पुढच्या वर्षी, असं छाटा. वाळलेल्या पोकळ काड्या आणि एखादं जुनं ओंडकं राहू द्या. भुंगा सुक्या लाकडात भोक पाडून राहतो, काही रानमाश्या पोकळ काडीत.

पावसाळ्याआधी चर उपसावा लागतो, त्याला विरोध करू नका, नाहीतर पाणी रस्त्यावर येऊन सगळी योजनाच बदनाम होते. उपसलेली माती घरट्यांच्या उतरणीवर टाकू नये, एवढंच पाहा. त्या दिवशी स्वतः हजर राहा.

६. काय उपटायचं

काँग्रेस गवत, म्हणजे गाजरगवत, सगळ्यात आधी. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात ते फुलतं आणि एका झाडाला हजारो बिया येतात, त्यामुळे फुलायच्या आत, जमीन ओली असताना मुळासकट उपटा. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. अंगाला खाज, पुरळ, काहींना दमा होतो. पांढऱ्या फुलावर आल्यानंतर उपटून खड्ड्यात टाकलंत तर पुढच्या वर्षीचं बी तुम्हीच पेरलंत. जमीन खरवडली की पहिलं हेच उगवतं, आणि टाकळा दाट असला की ते दबतं. न खरवडण्याचं हे आणखी एक कारण. पावसात त्याच्या पानांवर फिकट पिवळसर, काळपट रेघांचा छोटा भुंगेरा दिसला तर त्याला मारू नका. गाजरगवत खाणारा हा मेक्सिकन भुंगेरा १९८४ साली बेंगळूरमध्ये पहिल्यांदा सोडला होता, आता सगळीकडे पसरला आहे.

रानमोडी उपटा. घाणेरीच्या बाबतीत माझं मत थोडं वेगळं आहे. ती बाहेरची आणि आक्रमक आहे हे खरं, पण तिच्या फुलांवर फुलपाखरं जगतात. सगळी एकदम काढली तर त्यांच्या तोंडचा घास जातो. दर वर्षी थोडी काढा आणि त्या जागी निर्गुडी किंवा धायटी लावा.

पिवळ्या-केशरी कॉसमॉसच्या बिया कुणी ‘मधमाशांसाठी’ म्हणून दिल्या तर घेऊ नका. दिसायला फार सुंदर, माश्याही बसतात, पण दोन-तीन पावसाळ्यांत ती दुसरं काही उगवू देत नाही.

७. मग लावायचं काय

इथपर्यंतचं जमलं तर लागवड थोडीच उरते. वर्षभरात फुलांची तूट कधी पडते ते वहीत दिसेल, आणि तेवढ्यापुरतंच लावा. आमच्याकडे ऑगस्ट ते नोव्हेंबर कड भरलेली असते, तूट पडते ती उन्हाळ्यात. तिथे झाडं कामाला येतात. काटेसावर, पळस आणि पांगारा थंडीच्या शेवटाला आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला फुलतात, मागोमाग करंज, जांभूळ, कडुनिंब, आणि पावसाच्या तोंडावर चिंच. भर पावसात सातेरीची उपासमार होते, तेव्हा निर्गुडीची निळी फुलं उपयोगी पडतात. काळ्या जमिनीत बाभूळ आणि बोर जास्त तग धरतात.

वनखात्याच्या रोपवाटिकेत रोपं सवलतीच्या दरात मिळतात, पण पाट्या कन्नड असतात. करंज म्हणजे होंगे, जांभूळ नेरळे, पळस मुत्तुग, कडुनिंब बेवु, काटेसावर बूरुग, निर्गुडी लक्की. एवढी नावं पाठ असली की पंचाईत होत नाही.

झाडं तिसऱ्या पट्ट्यातच लावा, विजेच्या तारांखाली कधीच नाही. तारांखाली लावलेलं झाड वाढलं की छाटलं जाणारच, त्यात कुणाचा दोष नाही. खड्डे उन्हाळ्यात काढून ठेवा, रोप मृगाचा पाऊस जमिनीत मुरल्यावर लावा, आणि पुढचे दोन उन्हाळे पाणी कोण घालणार त्यांची नावं आधी लिहा. नावं मिळत नसतील तेवढी रोपं कमी करा. आम्ही ६० लावली होती, आता वर्षाला आठच लावतो आणि आठही जगतात. एकदा झाड वाढलं की ते तोडायला कर्नाटक वृक्ष संरक्षण कायदा १९७६ आड येतो, त्यामुळे जागा विचार करून निवडा.

लाल फुलांची पिचकारी, म्हणजे आफ्रिकन ट्यूलिप, रस्त्याकडेला हौसेने लावतात. ती लावू नका. तिच्या फुलांत छोट्या माश्या मरून पडलेल्या सापडतात. गुलमोहराचाही माश्यांना फारसा उपयोग नाही.

कडेच्या बिया बाजारातून आणू नका, आपल्याच शिवारातून गोळा करा. तेरड्याचं बोंड हात लावताच फुटतं, म्हणून कापडी पिशवी आधी बांधा. टाकळ्याचं बी कठीण असतं, खडबडीत दगडावर जरा घासून पेरलं की लवकर रुजतं. ताग आणि खुळखुळाही चालतो, खुळखुळ्यावर फुलपाखरं थव्याने येतात.

८. औषध आणि आग

तणनाशक तर नाहीच. त्यातही २,४-डी सारखं औषध रुंद पानांची झाडं मारतं आणि गवत शाबूत ठेवतं, म्हणजे नेमकी फुलंच जातात.

शेतातल्या फवारणीबद्दल शेतकऱ्याशी भांडू नका. त्याचं पीक त्याचं आहे. फक्त दोन विनंत्या करा. फवारणी संध्याकाळी, माश्या परतल्यावर करावी, आणि पीक फुलोऱ्यात असताना इमिडाक्लोप्रिडसारखी औषधं टाळावीत. पंपाचं उरलेलं पाणी कडेच्या चरात ओतू नये, हेही सांगा.

निपाणी, चिकोडी, हुक्केरीकडे खरा धोका उसाच्या पाचटाचा आहे. तोड झाली की पाचट पेटवतात आणि आग कडेवर येते. लगत ऊस असेल तिथे डिसेंबरातच शेताकडचा दोन मीटरचा पट्टा जमिनीलगत कापून पाला उचलून न्या. शेतकऱ्याला पेटवायच्या आदल्या दिवशी फोन करायला सांगा. आमच्या भागात काही जण आता पाचट कुजवतात, त्यांचं नाव ग्रामसभेत मोठ्याने घ्या.

पुलाखाली किंवा झाडावर आग्या मोहोळ असेल तर त्याच्या आसपास ग्रासकटर चालवू नका, धूर करू नका. माश्या उठल्या तर चेहरा झाकून सरळ दूर पळायचं, हात झटकत उभं राहायचं नाही. पश्चिमेकडच्या जंगलपट्टीत गोचिडी असतात आणि गवतात घोणस असते, त्यामुळे गमबूट आणि पूर्ण पँट घालूनच कामाला जा. रस्त्यावर काम करताना चमकपट्टीचं जाकीट प्रत्येकाला हवंच.

९. मोजून ठेवा

दुसऱ्या वर्षी कुणीतरी विचारतं, ‘फरक काय पडला?’ तेव्हा वही पुढे करता यायला हवी. एकाच प्रकारच्या फुलांचा ताटवा निवडा, काड्या टाकून हातभर लांब-रुंद चौकोन करा आणि १० मिनिटं त्यात फुलावर बसणारा प्रत्येक किडा मोजा. नावं माहीत नसली तरी चालतं. मधमाशी, भुंगा, एकेकटी रानमाशी, तरंगणारी माशी, फुलपाखरू, भुंगेरा, इतर, असे सात रकाने पुरतात. वेळ, ऊन की ढग, वारा किती, हेही लिहा. पाऊस पडत असताना मोजू नका. शाळेतली सहावी-सातवीची मुलं हे काम आपल्यापेक्षा काटेकोर करतात, कारण ती अंदाजाने आकडा लिहीत नाहीत.

मोजणी वर्षातून किमान तीनदा, दर वर्षी त्याच जागी : टाकळा फुलताना, दिवाळीच्या आसपास, आणि करंज फुलतो तेव्हा. यंदाची पहिली मोजणी टाकळ्यावरच करा. सकाळी नऊ-दहापर्यंत पोचा, ऊन चढलं की भुंगे पांगतात.